सात किलो समुद्र

२०० लिटर समुद्र तयार करायला ७ किलो मीठ लागतं. लिटरला ३५ ग्रॅम, गुणिले २००. हा हिशेब चौथीतल्या पोरालाही येतो. पण हाच कागद डोंबिवलीतल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या हाती पडला, की त्याखाली आपोआप दोन ओळी उमटतात. पहिली : परदेशी बादलीतलं रीफ सॉल्ट, किलोला काही शे रुपये. दुसरी : नाक्यावरच्या वाण्याकडचं जाडं मीठ, किलोचा भाव स्टेशनबाहेरच्या कटिंग चहाच्या आसपास. मग वजाबाकीची रेघ ओढली जाते, उत्तराखाली दोन रेघा मारल्या जातात आणि घरात जाहीर होतं, की हे परदेशी कंपनीवाले आजवर जगाला मूर्ख बनवत आले.

आमच्या भावोजींनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांच्या घरात मासा नव्हता, पाणी नव्हतं, फक्त काचेची चार फुटी रिकामी पेटी होती. ती मुलाकडून आली होती. मुलगा, म्हणजे माझा भाचा, ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. त्याने सहा फुटी टँक घेतला आणि जुना चार फुटी बाबांकडे पाठवला. घोडबंदरला नवी वस्तू आली की जुनी डोंबिवलीला येते, या नियमाने ताईच्या घरात आधीच एक मायक्रोवेव्ह आणि दोन पांढरे सोफे आलेले आहेत.

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय हा मुळात घोडबंदरचाच आजार. बाविसाव्या मजल्यावर, दिवाणखान्याच्या भिंतीत, निळ्या दिव्याखाली प्रवाळ आणि त्यात फिरणारे दोन केशरी-पांढरे निमो. २००३ साली निमोचा सिनेमा आला आणि त्या बिचाऱ्या माशाचं मूळ नाव कायमचं गेलं. ठाणेकराला आपल्या समुद्रात मीठ कोणतं आहे हे माहीत नसतं. त्याच्या समुद्राची एएमसी असते. दर पंधरवड्याला एक मुलगा येतो, बादल्या ओततो, काच पुसतो आणि ऑनलाइन पैसे घेऊन जातो. कल्याणकराची गोष्ट वेगळी. तो टँकपुढे दोन मिनिटं आदराने उभा राहतो आणि मग हळूच विचारतो, “हे खातात का?” डोंबिवलीकर मात्र अभ्यास करतो. आमच्या गावात कोणत्याही छंदाचं आधी अभ्यासमंडळ होतं, मग वही होते, मग जमलंच तर छंद होतो. भावोजींची वही निळ्या कव्हरची होती आणि पहिल्या पानावर ‘समुद्र’ असं शीर्षक देऊन खाली ‘अंदाजपत्रक’ लिहिलेलं होतं.

वाण्याकडे मी सोबत होतो. भावोजी म्हणाले, “शेठ, जाडं मीठ द्या. दहा किलो.”

“काका, लोणच्याचा सीझन गेला की.”

“लोणचं नाही, समुद्र करायचाय.”

शेठने ज्या निर्विकारपणे पिशवी काढली त्यावरून वाटलं, की मानपाडा रोडवर रोज चार-पाच माणसं समुद्र करायला मीठ नेत असावीत. “आयोडीनवालं देऊ की बिनआयोडीनचं?” असा त्याने एकच प्रश्न विचारला, आणि तो भावोजींच्या अख्ख्या वहीपेक्षा शास्त्रशुद्ध होता. कारण आपल्याकडच्या खाण्याच्या मिठात ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत निदान १५ पीपीएम आयोडीन असावं लागतं. त्या मिठाचे ३५ ग्रॅम लिटरभर पाण्यात टाकले की अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर आयोडीन होतं. खऱ्या समुद्रात ते लिटरला ०.०६ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे माशांना गलगंड होणार नाही याची आठ-नऊ पट काळजी घेतल्यासारखं झालं. भावोजींनी बिनआयोडीनचं घेतलं. ताईने पिशवी उचलून पाहिली आणि म्हणाली, “तीस वर्षं माझ्या हातचं मीठ खाताय, आधी त्याला जागा. मग समुद्राचं बघू.”

पाणी तयार झालं. भावोजींनी त्यात काचेचा हायड्रोमीटर सोडला. तो डुलत डुलत १.०२५ वर थांबला, बरोबर समुद्राच्या पाण्याइतका. भावोजींच्या चेहऱ्यावर ताळेबंद जुळल्याचा आनंद पसरला. आता हायड्रोमीटरला एवढंच कळतं, की पाणी किती जड आहे. त्यात काय विरघळलंय याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्यात वॉशिंग सोडा विरघळवला असता तरी तो १.०२५ वर तितक्याच आनंदाने डुलला असता. छत्तीस गुण जुळलेल्या पत्रिकेवरून नवरामुलगा घोरतो की नाही हे जसं समजत नाही, तसंच हे.

मुळात घोळ आहे तो ‘समुद्री मीठ’ या दोन शब्दांवरच्या आपल्या विश्वासात. मीठ समुद्रातून आलं, तेव्हा ते परत पाण्यात घातलं की समुद्र होणार. दुधाची पावडर पाण्यात घातली की दूध होतंच ना, असा हा सरळ विचार. तो चुकीचा का आहे हे पाहायला भावोजींना परदेशी जायची गरज नव्हती. ठाणे पूर्वेला, कोपरीत, मीठबंदर नावाचा रस्ता आजही आहे. एके काळी या खाडीकाठी मीठ पिकायचं आणि होड्यांतून जायचं. मुलुंड, भांडुप, कांजूरच्या खाडीच्या बाजूला मिठागरं होती; पलीकडे भाईंदर, वसई, उरण. आगरी मंडळींनी पिढ्यान् पिढ्या हे काम केलं. आता त्या जमिनींवर मेट्रोची कारशेड करावी की घरं बांधावी यावर इतकं बोललं जातं, की तिथे मीठही व्हायचं हे सांगावं लागतं. (या मिठागरांचा कारभार पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या मीठ आयुक्तांचं मुख्यालय जयपूरला आहे. समुद्रापासून सुरक्षित अंतरावर.)

तर मिठागरात काय होतं? भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हात एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत दाट करत न्यायचं. पाणी आटत जातं तसे त्यातले क्षार एकेक करून गळतात. पहिल्यांदा कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. मग जिप्सम. त्यानंतर, दाटपणा मोजणाऱ्या बॉमेच्या काट्यावर पंचविशीच्या आसपास, खरं मीठ धरायला लागतं. आणि तिशीला टेकलं की मीठ गोळा करून उरलेलं जाड, कडू पाणी सोडून द्यायचं, नाहीतर मीठ कडवट होतं आणि गिऱ्हाईक परत येत नाही. त्या सोडून दिलेल्या पाण्यात असतं मॅग्नेशियम, पोटॅशियम, ब्रोमाइड. म्हणजे कॅल्शियम आधीच्या वाफ्यांत राहिलं, मॅग्नेशियम शेवटच्या वाफ्यातून गेलं, आणि मधलं जे शुभ्र, चविष्ट आणि स्वस्त ते पिशवीत भरून मानपाडा रोडला आलं. आगऱ्याने आपलं काम चोख केलं. त्याला वरण खारट करायचं होतं, प्रवाळ वाढवायचं नव्हतं. जितका आगरी कसबी, तितकं त्याचं मीठ समुद्रापासून लांब.

थोडं मॅग्नेशियम जाड्या मिठाला चिकटून येतंच. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली जाड्या मिठाची बरणी पाझरते ती त्याच्यामुळे. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या आयांनी त्या बरणीत तांदळाचे दाणे आणि टीप कागद घालण्यात उभी हयात घालवली. मग जाहिरातीतलं शुद्ध, मोकळं, झरझर पडणारं मीठ आलं आणि बरणीचं रडणं थांबलं. भावोजींनी समुद्रासाठी दुसऱ्या खेपेला तेच मोकळं मीठ आणलं, कारण जाड्या मिठातली माती तळाशी बसली होती. म्हणजे जो पाव आणा मॅग्नेशियम होता तोही गेला.

समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार, त्यातलं आपलं ओळखीचं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. उरलेल्या आठ ग्रॅमांत सारी मेख आहे. मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या घरात, कॅल्शियम चारशे-सव्वाचारशे, पोटॅशियम चारशेच्या जवळ, शिवाय सल्फेट, बायकार्बोनेट, स्ट्रॉन्शियम आणि इतर पाहुणेमंडळी. गंमत अशी, की हे प्रमाण जगभर जवळजवळ सारखं असतं. ‘चॅलेंजर’ नावाचं ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या समुद्रांतून फिरलं. त्याने आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनतज्ज्ञाने तपासले आणि १८८४ साली सांगून टाकलं, की पाणी कुठलंही घ्या, कमी खारट घ्या की जास्त, मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण बदलत नाही. सगळ्या महासागरांची एकच पाककृती. एवढं एकमत आमच्या सोसायटीच्या एकाही सर्वसाधारण सभेत झालेलं नाही.

घरगुती समुद्राची हौसही भावोजींनी शोधून काढलेली नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, त्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. पुढच्या वर्षी रेल्वे कल्याणला पोचली आणि त्याच १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने कृत्रिम समुद्रपाण्याची कृती छापली. लंडनमध्ये समुद्राचं पाणी आणणं महागात पडायचं. गॉसलाही स्वस्तच हवं होतं. त्याने शंभर भागांत ८१ भाग साधं मीठ, ७ भाग एप्सम सॉल्ट, १० भाग मॅग्नेशियम क्लोराइड आणि २ भाग पोटॅशियम क्लोराइड घेतलं. कॅल्शियम मुद्दाम गाळलं, फार थोडं असतं म्हणून. त्याला समुद्रफुलं आणि शैवाळ जगवायचं होतं, तिथे हे भागलं. पण आगगाडीच्या धुराच्या जमान्यातल्या त्या माणसालाही एवढं ठाऊक होतं, की नुसत्या मिठावर काम होणार नाही. हे मी भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, “त्या वेळी त्यांच्याकडे शुद्ध मीठ नसेल.” डोंबिवलीत वाद जिंकता येत नाही.

कॅल्शियम गाळण्याची दुसरी गोष्ट तर अशी आहे, की ती मला प्रत्येक दवाखान्यात आठवते. लंडनचे सिडनी रिंगर हे डॉक्टर १८८२ च्या सुमारास बेडकाचं काढलेलं हृदय मिठाच्या पाण्यात चालू ठेवण्याचे प्रयोग करत होते. हृदय छान चालायचं. त्यांनी निष्कर्षही छापला. मग कळलं, की पाणी डिस्टिल्ड नव्हतंच. साहाय्यकाने ते नळाचं वापरलं होतं. रिंगरनी डिस्टिल्ड पाण्यात मीठ घालून प्रयोग पुन्हा केला, आणि हृदय थोड्याच वेळात बंद पडलं. नळाच्या पाण्यात चुन्याचा अंश होता, त्या कॅल्शियमवर ते धडधडत होतं. मग त्यांनी मिठात कॅल्शियम आणि पोटॅशियम मोजून घातलं. त्यात पुढे हार्टमन नावाच्या डॉक्टरांनी लॅक्टेट घातलं, आणि आज आपल्या उशाशी स्टँडवर टांगलेली ‘आरएल’ची बाटली असते ती रिंगर लॅक्टेटची. साहाय्यकाच्या आळसातून एवढं झालं. इथे डोंबिवलीत उलट घडत होतं. भावोजी पाण्याच्या बाबतीत कमालीचे काटेकोर होते. त्यांनी आरओ लावला, टीडीएस शून्यावर आणला आणि त्या निर्मळ पाण्यात निर्मळ मीठ घातलं. रिंगरचा दुसरा प्रयोग त्यांनी बेडकाशिवाय करून दाखवला.

आरओचं एक सांगायचं राहिलं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं. ज्या गावात अधूनमधून नळ बंद असतो, तिथे ते पाणी मोरीत सोडणं पाप आहे. म्हणून भावोजींच्या घरी त्या पाण्याने लादी पुसली जाते, झाडांना घातलं जातं, गाडी धुतली जाते आणि तरी उरतं. शेवटी शेजारच्या काकू बादली घेऊन येऊ लागल्या. समुद्राने आणला एवढा सलोखा सोसायटीत दुसऱ्या कशानेच आला नाही.

या समुद्रात पहिल्यांदा आले ते दोन निमो, एक गोगलगाय आणि हिरवट मऊ प्रवाळाचा एक तुकडा. निमो पोहत राहिले. मासा चिवट असतो, पाहुण्याच्या घरी राहावं तसा काही दिवस काढतो. गोगलगाय काचेवरून खाली पडली आणि पडूनच राहिली. प्रवाळ मिटलं. भावोजी म्हणाले, “झोपलंय.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “रुळतंय.” त्यानंतर ते त्या विषयावर बोलेनासे झाले. वाळूवर तपकिरी थर चढला, तेव्हा ताई म्हणाली, “टाकी तांबूस झाली तर घासायची कुणी?” या घरात टँकला टाकी म्हणतात, आणि टाकी घासण्याची जबाबदारी कुणाची याचा निकाल लग्नानंतर पहिल्याच महिन्यात लागलेला आहे.

भाचा रविवारी आला. त्याने चाचणीच्या बाटल्या काढल्या, थेंब मोजले. कॅल्शियम जिथे चारशेच्या वर हवं तिथे शंभरही भरेना. मॅग्नेशियमची चाचणी तर पहिल्याच थेंबांत संपली. “बाबा, तुमचा समुद्र नाही हा. हे आमटीचं पाणी आहे, फोडणी न दिलेलं.” भावोजींनी वही पुढे ओढली. “मग कॅल्शियम घालू. मॅग्नेशियम घालू. अडलंय कुठे?”

आणि इथून स्वस्त मिठाचा खरा खर्च सुरू होतो.

रीफवाल्यांमध्ये, म्हणजे प्रवाळ पाळणाऱ्यांमध्ये, हे घालण्याचं मोठं शास्त्र आहे. अमेरिकेतले रँडी होम्स-फार्ली नावाचे रसायनतज्ज्ञ यातले गुरुजी. घरच्या घरी कॅल्शियम क्लोराइड, खाण्याचा सोडा आणि मॅग्नेशियमचे क्षार वापरून प्रवाळाची गरज कशी भागवावी याच्या त्यांच्या कृती जगभर वापरल्या जातात. पण ती कृती चांगल्या मिठाने केलेल्या समुद्रात रोजची तूट भरून काढायला आहे, पाया घालायला नाही, हे वाक्य भावोजींनी वाचलं आणि त्याखाली रेघ मारून पुढे गेले. ते केमिस्टकडे गेले आणि एप्सम सॉल्टचे पुडे मागितले. केमिस्टने आधी विचारलं, “पाय सुजलेत का?” मग जरा आवाज उतरवून, “की पोट साफ होत नाही?” एप्सम सॉल्टचे हे दोनच उपयोग डोंबिवलीला ठाऊक. भावोजी म्हणाले, “नाही हो, प्रवाळासाठी.” तो म्हणाला, “प्रवाळ भस्म वैद्यांच्या दुकानात मिळेल.”

सोडा किराण्यात मिळाला. कॅल्शियम क्लोराइडसाठी एमआयडीसी होतीच. डोंबिवलीकराला रसायन शोधायला लांब जावं लागत नाही. २०१४ साली इथे हिरवट पाऊस पडला होता आणि २०२० मध्ये एक रस्ता गुलाबी झाला होता; रसायन आपणहून माणसाला भेटायला येतं. फक्त दुकानात जे मिळतं ते ‘टेक्निकल ग्रेड’. त्या पिशवीत कॅल्शियमबरोबर आणखी कोण कोण आलंय हे पिशवीवर लिहिलेलं नसतं. माणसाला चालेल ते प्रवाळाला चालतंच असं नाही. तांब्याचा अंश आपल्याला बाधत नाही, पण बिनकण्याच्या समुद्रजीवांचा जीव त्यात जातो.

एक गोष्ट मात्र भावोजींनी बिनतोड शोधली, हे कबूल करायला हवं. रीफवाल्यांच्या जगात ‘काल्कवासर’ नावाचं एक द्रावण आहे. जर्मन नाव, परदेशी डबा, घसघशीत किंमत. कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही एकदम देतं. भावोजींनी डब्यावरचं रासायनिक नाव वाचलं : कॅल्शियम हायड्रॉक्साइड. म्हणजे चुना! म्हणजे चुन्याची निवळी! लहानपणी दात येताना आपल्या आज्या चमच्याने पाजायच्या ती. भावोजी तडक टपरीवर गेले. पानवाल्याने विचारलं, “काका, पान किती?” “पान नको. नुसता चुना. किलोभर.” पानवाल्याने दोन पावलं मागे घेतली. तेवढा चुना आजवर त्याला एकाही गिऱ्हाइकाने लावला नव्हता. यात रसायनशास्त्र बरोबर आहे. निवळी हळूहळू, थेंबाथेंबाने, रात्री सोडायची, कारण तिचा पीएच बाराच्या वर असतो. भावोजींना अंदाजपत्रकात थेंब हे एकक मान्य नव्हतं.

झालं असं, की एप्सम सॉल्ट राहूनच गेलं आणि मॅग्नेशियम नसलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि सोडा एकत्र आले. समुद्रात हे दोघं एकमेकांना भिडून खाली बसत नाहीत, त्याला मोठं कारण मॅग्नेशियम. ते मध्ये पडून कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक धरू देत नाही. इथे मध्ये पडायला कुणी नव्हतं. पाणी दुधासारखं पांढरं झालं, सकाळी तळाशी पांढरी साय, आणि पंपाच्या आत चुन्याचा गिलावा. भावोजींनी मिठागरातला पहिला वाफा दिवाणखान्यात करून दाखवला होता.

या सगळ्यात दोन निमो वाचले, कारण भाच्याने आधीच त्यांना बादलीत घालून घोडबंदरला नेलं होतं. सासरी जाणाऱ्या लेकीसारखी त्यांची पाठवणी ताईने केली. बादलीला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

मग कुणीतरी सुचवलं, समुद्राचंच पाणी आणा ना. हे सुचवणाऱ्याला वाटतं, की ठाणे जिल्ह्याला खाडी आहे म्हणजे प्रश्न सुटला. कल्याणच्या दुर्गाडीखालची किंवा डोंबिवलीच्या मोठागावची खाडी पाहिलेल्याला असं वाटू नये. त्या पाण्यात उल्हास नदी आहे, तीन-चार शहरांचं सांडपाणी आहे, कारखान्यांचं आहे, आणि पावसाळ्यात त्याची खारटता उतरून पार गोड्याकडे झुकते. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात हे खरं. २०१५ साली तिथे अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. पण फ्लेमिंगोला चिखलातलं शैवाळ खायचं असतं. त्याच्या पसंतीवर आपला टँक भरू नये. स्वच्छ समुद्राचं पाणी हवं तर लांब जावं लागतं, आणि २० लिटरचा कॅन भरला की वीस किलोच्या वर वजन. संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये तो कॅन घेऊन चढू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. चढलाच तर घाटकोपरला त्याला सगळ्यांनी मिळून उतरवलं असतं, कॅनसकट.

आता आकडे. २०० लिटरच्या टँकचं दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर आठवड्याला ७०० ग्रॅम, वर्षाला साडेछत्तीस किलोच्या आत मीठ लागतं. त्यातली बचत वर्षाला काही हजारांची, यात वाद नाही. पण मे महिन्यात डोंबिवलीतलं पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला चिलर लागतो. दिवे, पंप, स्किमर चोवीस तास. वीज गेली की हवेसाठी बॅटरीचा पंप, तो तासाभराने दमला की इन्व्हर्टर. ज्या माणसाने हे सगळं बिनतक्रार विकत घेतलं, तो मिठाच्या पिशवीपाशी येऊन अचानक काटकसरी होतो. लग्नात हॉल, केटरर, फोटोग्राफर यांवर लाखो घालवून भटजींच्या दक्षिणेत शंभर कमी करणारे हेच. बादलीतलं मीठ महाग दिसतं, कारण त्यावर ‘मीठ’ लिहिलंय. त्यावर ‘मोजून घातलेली आठ ग्रॅम रसायनं’ लिहिलं असतं तर भावोजींनी भाव केला नसता.

स्वस्त मीठ अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. माशांच्या पिल्लांना खाऊ घालायला आर्टिमियाची अंडी उबवतात, ती बिनआयोडीनच्या साध्या मिठात सुखेनैव फुटतात. गोड्या पाण्यातल्या आजारी गोल्डफिशला थोड्या वेळाची मीठपाण्याची आंघोळ देतात, तिथेही हेच चालतं. आणि कैरीचं लोणचं, ज्याच्यासाठी ते मुळात पिकवलं.

दगडी प्रवाळाचा मोह मात्र खिशाच्या बाहेरचा विषय आहे. रीफ बांधणारी दगडी प्रवाळं, समुद्रपंखे, समुद्रघोडे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. कुठल्याशा दुकानात मागच्या खोलीत कुणी ‘ओरिजिनल लक्षद्वीप’ म्हणून दगड दाखवला, तर मीठ कोणतं हा प्रश्न गौण ठरतो. निमो हवाच असेल तर पैदाशीचा घ्यावा, समुद्रातून पकडलेला नव्हे. ठाण्याच्या खाडीपलीकडे, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात, अशा शोभिवंत समुद्री माशांची पैदास करणारी हॅचरी उभी राहिली, तीही लखनौच्या मत्स्य-जनुकसंस्थेच्या साहाय्याने. मिठाचा कारभार जयपूरहून आणि निमोचं तंत्र लखनौहून. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी फक्त बिल भरायचं.

भावोजींच्या चार फुटी पेटीत सध्या गप्पी आहेत. नळाचं पाणी, क्लोरीन उडून जायला एक रात्र ठेवलेलं. गप्पींना कशाचंच काही नसतं, त्यांची संख्या दर महिन्याला वाढते आणि काकूंना बादलीतून पाण्याबरोबर पिल्लंही मिळतात. वही मिटलेली नाही. परवा त्यांनी मला एक नवी बेरीज दाखवली, ज्यात मिठाऐवजी वाया जाणारं कडू पाणीच मिठागरातून मागवण्याचा विचार आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा त्यांचा आजवरचा सर्वांत हुशार विचार आहे आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

तेव्हा ज्यांच्या घरी पेटी रिकामी आहे आणि हातात किराण्याची पिशवी आहे, त्यांना एक सांगणं. रीफ करायचा तर मीठ रीफचंच घ्या आणि काटकसर पेटीच्या लांबीत करा. आणि नुसतं प्रवाळ बघायची हौस असेल तर पेटीचीही गरज नाही. मुंबईच्या दगडाळ किनाऱ्यावर, हाजी अली, वरळीसारख्या ठिकाणी, गढूळ पाण्यात आणि शहराच्या सगळ्या घाणीत प्रवाळ जगतं. किनारी रस्ता बांधताना २०२० साली तिथली काही प्रवाळं उचलून दुसरीकडे न्यावी लागली, तेव्हा अनेक मुंबईकरांना ती असल्याचं पहिल्यांदा कळलं. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर फिरवून हे सगळं दाखवतात. मोठ्या ओहोटीचा दिवस बघून दादरला गाडी बदला, महालक्ष्मीला उतरा, रबरी तळव्याच्या चपला घाला. कशाला हात लावू नका, काही उचलू नका, आणि घरातून बादली घेऊन निघाला असाल तर ती डोंबिवली स्टेशनवरूनच परत पाठवा.